पासंग

आठवीत तेंडोलकर बाईंनी माझा अर्धा गुण कापला होता,
'विटेचे वजन तीन किलो' असं लिहिलं म्हणून.
किलो हे वस्तुमान, म्हणाल्या, वजन न्यूटनमध्ये.
पाटणच्या बाजारात न्यूटनवर वांगी कोण देतं,
हे विचारायचं राहून गेलं.

आता त्याच अर्ध्या गुणावर माझं पोट चालतं.
सकाळी रुवीहून व्हॅन निघते,
मागे विसाची लोखंडी वजनं,
मांडीवर लहान स्टीलची, मखमलीच्या खाचांत.
हातमोज्याशिवाय त्यांना शिवायचं नाही.
बोटाचा ठसा उमटला
तर तोही मोजला जातो.

मत्राच्या मासळीबाजारात खल्फानचा नवा काटा,
थेट जर्मनीहून, वरचं प्लास्टिकही सोललेलं नाही.
विसाचं ठेवलं.
आकडे थरथरले, थांबले:
एकोणीस किलो, नऊशे पन्नास.

'पन्नास ग्रॅम कुठे गेले?' खल्फानने विचारलं,
बाजारातल्या सगळ्या परदेशी माणसांसाठी
त्याने राखून ठेवलेल्या उर्दूत.
कुठे नाही गेले.
लोखंड होतं तेवढंच आहे.
तिकडे उत्तरेला जमीन जरा जोरात ओढते,
इथे तिचा हात सैल.
काटा तिकडची ओढ शिकून आलाय,
त्याला इथली शिकवायची.
'म्हणजे पृथ्वीच दांडी मारते!'
त्याचं हसू चार गाळे पलीकडे ऐकू गेलं.

मग टेबलाखालून त्याने बापाचा तराजू काढला.
साखळ्या मिठाने खाल्लेल्या,
डाव्या पारड्याखाली तारेने बांधलेली शिंपली. पासंग.
असल्या तराजूला माझ्या फॉर्मवर रकानाच नाही.
एकीकडे माझं पाच किलो, एकीकडे त्याचं जुनं, काळं पाच.
दांडी डुलली, डुलली,
आडवी झाली.
ओढ कमी झाली तर दोन्हीकडे कमी.
हा चंद्रावरही खरं बोलेल, मी म्हटलं.
'चंद्रावर सुरमई कुठे?'

वजन हा शब्द मूळ त्याच्याकडचा.
आमच्याकडे कधीचा आला आणि मुक्कामालाच राहिला.
साहेबाचं वजन असतं, फायलीवर वजन ठेवावं लागतं,
वस्तुमान मात्र शाळेच्या फाटकाबाहेर पडलं नाही.
त्याला तुमच्यात काय म्हणतात, मी विचारलं.
त्याने शब्द सांगितला नाही,
धक्क्यावर नेलं.

भावाची बोट, दोन टनांची, दोरीच्या टोकाला निवांत.
'हिचं वजन किती?'
सगळं पाण्याने उचललंय, मी म्हटलं, मला काहीच नाही.
'मग ओढ.'

टाचा रोवल्या.
काही नाही.
परत ओढलं, अंग मागे टाकून.
काही नाही.
मग बोटभर, मग वीतभर,
गोठ्यातून उठणाऱ्या म्हशीसारखी
ती आपल्या मर्जीने निघाली.
आणि निघाली ती निघालीच.
मी दोरी सोडली, थांब म्हटलं मराठीत,
पाय लावून रेटायला गेले तर
खल्फानने दंडाला धरून मागे खेचलं.
धक्क्याच्या टायरवर ती आदळली,
माझ्या पायाखालचा दगड हलला.

'हे,' तो म्हणाला.

काट्याला इथलं ओझं शिकवलं,
हिरवं लेबल चिकटवलं, तारीख टाकली.
तराजूचं कुणालाच सांगितलं नाही.

रात्री आईचा फोन.
व्हिडिओत माझा चेहरा लहान दिसतो,
म्हणून दर वेळचंच: वजन उतरलं का गं तुझं?
नाही आई, उलट तीसेक ग्रॅम वाढलं असेल.
खाऊन?
नाही. आपलं पाटण उंचावर आणि दक्षिणेला,
ही जमीन आपल्यापेक्षा थोडी जास्त ओढते.
ती गप्प झाली.
मग म्हणाली, किती जास्त?

तीस ग्रॅम, आई.
पासंगालाही पुरायचे नाहीत.

बरं, जेवून घे, म्हणाली.
फोन दुसऱ्या हातात घेतला,
उजव्या तळव्यात अजून दोरी चुरचुरत होती.